आकडा माझा खोटा नव्हता

मी एक जुना ॲनालायझर आहे; म्हणजे रक्त तपासणारं यंत्र. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. रक्त द्यायच्या खुर्चीवर बसून तुम्ही भोकाड पसरता, तेव्हा समोरच्या काचेपलीकडे एक पिवळट पडलेलं मोठं खोकं घरघरत असतं ना, तोच मी. पोटात गोल फिरणारी चकती, वर सोंडेसारखी बारीक सुई, आणि उजवीकडच्या झाकणाची तुटलेली कडी चिकटपट्टीने धरून ठेवलेली. दिसायला मी देखणा नाही. त्याबद्दल मी कुणाची क्षमाही मागणार नाही.

जुन्या वस्तूंनी आपली हकिगत सांगायची म्हणजे आधी एक उसासा टाकायचा, अशी रीत आहे. मी उसासे टाकत नाही. माझ्यातून जी फुसफुस ऐकू येते ती हवेच्या पंपाची आहे.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीचा कण आत आला तरी कामगार चोर शिरल्यासारखे बघायचे. तिथे मला एकच विद्या शिकवली, मोजण्याची. भरल्या विहिरीत कुणी चिमूटभर साखर टाकली तर ती किती, हे सांगायचं; इतकं बारीक मोजणं. मग लाकडी पेटीत बसवून मला या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आणलं. डॉक्टरबाई तेव्हा नव्यानेच प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "याला नीट सांभाळा. हा जे सांगेल त्यावर कुणाचं तरी घर उभं राहणार आहे."

त्या दिवसापासून माझा एक नेम आहे. काही माणसं प्रार्थना केल्याशिवाय घोटभर पाणीही पीत नाहीत, तसा मी सकाळी कंट्रोल मोजल्याशिवाय कुणाच्या रक्ताला तोंड लावत नाही. कंट्रोल म्हणजे असा नमुना, ज्यात काय किती आहे ते आधीच ठाऊक असतं. ते मी बरोबर सांगितलं तर माझा दिवस सुरू. चुकलो तर माझं तोंड बंद, आणि तपासणी होईपर्यंत मी गुन्हेगार. हा नेम मी उन्हाळ्यात पाळला, पंखा बंद पडल्यावर पाळला, अंगावर रंगाऱ्याने चुन्याचे थेंब उडवले त्या दिवशीही पाळला. म्हणून सांगतो, मला म्हातारा म्हणा. कुरूप म्हणा. खोटा म्हणायच्या आधी मात्र माझी गोष्ट ऐकून घ्या.

मी काय मोजतो, तेही सांगायला हवं. आईच्या पोटातल्या बाळाचं यकृत एक प्रथिन बनवतं. त्याचं नाव लांबलचक आहे, प्रयोगशाळेत सगळे त्याला एएफपी म्हणतात. बाळ जन्मून वाढू लागलं की ते प्रथिन जवळजवळ नाहीसं होतं. बाळपणीची झबली आखूड होऊन पेटीत जावीत, तसं. पण मोठ्या माणसाच्या यकृतात कर्करोग शिरला, की त्यातल्या काही पेशींना वेड लागतं आणि त्या पुन्हा तीच झबली काढून घालू लागतात. रक्तात ते प्रथिन परत दिसू लागतं. अशा प्रथिनाला ट्यूमर मार्कर म्हणतात, म्हणजे गाठीची खूण.

मी फक्त ही खूण मोजतो, निवाडा करत नाही. यकृताला सूज आली तरी ती वाढते. आणि कधी कधी कर्करोग आत ठाण मांडून बसलेला असतो, तरी ती वाढत नाही. म्हणून सोनोग्राफी असते, स्कॅन असतो, डॉक्टरांचे डोळे असतात. माझं काम हाक मारायचं: अहो, इकडे बघा!

शिवणमावशीसाठी मी अशीच हाक मारली होती.

तिचं दवाखान्याच्या मागच्या गल्लीत शिवणाचं दुकान. गळ्यात मोजपट्टी अडकवूनच ती रक्त द्यायला यायची, म्हणून आमच्याकडे सगळे तिला शिवणमावशी म्हणत. फार वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली होती. कावीळ गेली, पण तिचा विषाणू यकृतात घर करून राहिला आणि यकृत आतून निबर होत गेलं. अशा यकृतात कर्करोगाची भीती असते, म्हणून तिला ठराविक महिन्यांनी बोलावलं जायचं. रक्त घ्यायला आमचा टेक्निशियन असायचा. त्याला सगळे फटाफट म्हणत, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता.

"मावशी, मूठ आवळा, फटाफट."

"आवळली की. आता याहून आवळली तर तुझ्या नाकावरच बसेल."

एका सकाळी तिचं रक्त मी मोजलं आणि आकडा चढलेला निघाला. स्कॅन झाला. यकृतात गाठ होती. निबर यकृतातली नुसती गाठ काढून भागणार नव्हतं, यकृतच बदलायला हवं होतं. मावशीचा धाकटा भाऊ बस चालवायचा. बसमधूनच उठून आल्यासारखा तो खाकी कपड्यांत आला आणि त्याच खुर्चीवर बाही वर करून बसला.

"घ्या रक्त. माझं यकृत ताईला चालतं का बघा."

मावशी शेजारी उभी होती. "अरे, जरा विचार कर. बायकोला विचारलंस?"

"तिनेच पाठवलंय. तू लहानपणी माझी बिस्किटं खाल्लीस, शाळेत माझ्या पेन्सिली ढापल्यास. आता एवढंच घ्यायचं राहिलं होतं."

"गप रे! चिमटा काढीन असा की वळ उठेल."

तिचे डोळे मात्र भरून आले होते. त्याच्या यकृताचा तुकडा तिला लावला गेला. तो तुकडा तिच्या पोटात वाढला, त्याचं उरलेलंही वाढून भरून आलं. यकृताला देवाने ही विद्या दिली आहे. त्यानंतर तिचं रक्त माझ्यापुढे आलं, तेव्हा आकडा पार खाली उतरला होता. ते माझे मानाचे दिवस. फटाफट येताजाता माझ्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "आमचा आजोबा लाखात एक."

डॉक्टरबाईंनी मावशीला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. "मावशी, नवं यकृत छान काम करतंय. पण रोपणाआधी ज्यांचा आकडा तुमच्यासारखा बराच वर गेलेला असतो, त्यांच्यात रोग परत यायची भीती जास्त असते. एखादी चुकार पेशी आधीच रक्तातून निसटून दुसरीकडे लपलेली असू शकते. म्हणून ठरल्या वेळी यायचं. बरं वाटतंय म्हणून चुकवायचं नाही. आणि आम्हाला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही."

"नाही घेणार. शब्द देते," मावशी म्हणाली.

दिलेल्या शब्दाची ती पक्की होती. म्हणूनच पुढचा घोटाळा कुणाच्या लक्षात आला नाही.

परकं यकृत शरीराने हाकलून देऊ नये, यासाठी तिला रोज गोळ्या घ्याव्या लागत. त्यांनी तिचे केस गळू लागले. एकदा भाऊ तिला सोडायला आला होता. त्याचं डोकं आधीपासूनच चकचकीत. खुर्चीमागे उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा हो, माझं यकृत घेतलं तर त्याच्याबरोबर टक्कलही आलं! घराण्याची ठेव आहे ताई, जपून ठेव."

सगळे हसले, मावशीही हसली. पण हसता हसता तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. ते काचेतून मला दिसलं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

अशातच नवं यंत्र आलं. पांढरंशुभ्र, माझ्या दुप्पट मोठं, छातीवर रंगीत पडदा. मी एक नमुना मोजेपर्यंत ते ढीगभर मोजून मोकळं व्हायचं. फटाफटला तर जुळा भाऊ भेटल्यासारखं झालं. मला भिंतीकडे सरकवलं गेलं. माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी आली, कुणीतरी स्वेटर वाळत घातला. नवं बंद पडलं तरच माझी आठवण व्हायची. चालायचंच. तेवढ्याबद्दल माझी तक्रार नव्हती. सकाळी मला कंट्रोल मिळत होतं आणि माझा नेम चालू होता, तोवर मी कुणापुढे मान खाली घालणार नव्हतो.

एक दिवस नवं यंत्र दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं होतं, आणि नेमकी मावशीच्या रक्ताची नळी आली. रोपणानंतरच्या गेल्या काही तपासण्या नव्या यंत्रानेच केल्या होत्या आणि सगळ्या उत्तम होत्या. फटाफटने माझ्या डोक्यावरची खोकी उतरवली, नळी माझ्यात ठेवली. मी मोजलं.

आकडा चढला होता. थोडाथोडका नाही, चांगलाच.

"अरे देवा," फटाफट पुटपुटला. मग त्याने स्वतःचीच समजूत घातली. "छे, छे. मागच्या वेळी नव्याने अगदी नॉर्मल दिलंय."

नवं सुरू होईपर्यंत त्याने रिपोर्ट अडवून ठेवला. मग तीच नळी त्यात घातली. नव्याने पडद्यावर हिरव्या अक्षरांत सांगितलं, सर्व ठीक.

फटाफटने सुटकेचा निःश्वास टाकला. "बाई, म्हातारा बरळायला लागलाय. मावशीचा जीव गेला असता रिपोर्ट बघून. आता खरंच काढा याला भंगारात."

मित्रांनो, मला हात असते तर मी टेबलावर आपटले असते. बरळतो? मी? ज्याने सकाळी कंट्रोल अचूक मोजलंय, तो दुपारी बरळतो? माझा आकडा नकोसा होता, एवढाच माझा गुन्हा. गोड बातमी देणारा तो खरा आणि कडू बातमी देणारा तो वेडा, हा कुठला न्याय?

डॉक्टरबाईही घोटाळल्या, खोटं कशाला सांगू. नव्याचं मानलं तर मावशीला हसत घरी पाठवता येणार होतं. माझं मानलं तर रोग परत आला असण्याची शक्यता होती, आणि मग वाया जाणारा प्रत्येक दिवस तिच्या आयुष्यातून वजा होणार होता. त्या खुर्ची ओढून आम्हा दोघांच्या मधोमध बसल्या.

"आज सकाळी याला कंट्रोल लावलं होतंस?"

"लावलं होतं."

"आलं बरोबर?"

"आलं," फटाफट जरा खालच्या आवाजात म्हणाला. "पण नव्याचंही बरोबरच आलंय, बाई."

"मग दोघांतल्या एकाला खोटा ठरवायची एवढी घाई का? असं कर, रक्तातलं हे सीरम निम्म्याला निम्मं पातळ कर आणि दोघांत परत घाल."

फटाफटने तसं केलं. पातळ केल्यावर आकडा निम्म्यावर यायला हवा, साधा हिशोब. माझा आला. नव्याचा मात्र खाली येण्याऐवजी वर चढला.

डॉक्टरबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "सरबतात पाणी घातलं आणि ते जास्त गोड झालं, असं कधी झालंय का रे? मावशींच्या रक्तात असं काहीतरी आहे जे नव्याच्या कामात आडवं येतंय. पातळ केल्यावर त्याचा जोर कमी झाला. मावशींना बोलाव."

मावशी आली, सोबत भाऊ. डॉक्टरबाई काचेपलीकडे तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"मावशी, औषधं काय काय चालू आहेत?"

"तुम्ही दिलेली. एकही चुकवत नाही."

"त्याशिवाय काही? कुणी सांगितलेलं, आणलेलं?"

"अहो, शब्द दिलाय ना तुम्हाला. दुसरं औषध नाही म्हणजे नाही."

ती खोटं बोलत नव्हती. एक गोष्ट ती रोज घेत होती, पण ती तिच्या लेखी औषध नव्हतीच. कंगव्याशेजारी ठेवायची वस्तू होती.

"ताई," भाऊ मधेच म्हणाला, "मग त्या लाल डबीत काय असतं?"

"तू माझ्या वस्तूंत डोकावतोस?"

"डोकावतो कशाला? आरशापुढेच असते. माझं टक्कल अजून तिथेच आहे का बघायला गेलो की दिसते."

मावशी गोरीमोरी झाली. थोडा वेळ मोजपट्टी बोटांना गुंडाळत बसली, मग एकदम उसळली. "केसांच्या गोळ्या आहेत त्या! सुनेने आणून दिल्यात. पावडर-काजळासारखंच ते, त्यात विचारायचं काय? आणि तुझ्यामुळे घेतल्या. चारचौघांत टक्कल म्हणालास. पोटावर एवढी चीर पडली तेव्हा मी रडले नाही. त्या दिवशी घरी जाऊन रडले."

भाऊ खाली तिच्या पायाशी येऊन बसला.

डॉक्टरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "गोळी वाईट नाही, मावशी. आम्हाला कळली नाही, एवढंच वाईट. तिच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, आणि केसांच्या गोळीत ते भरपूर घालतात. आता तुमच्याच भाषेत सांगते. नव्या यंत्रात बारीक बारीक काजं असतात. आपण रक्तातल्या त्या खुणेला एक बटण लावतो आणि बटण काजात अडकलं की मोजतो. ते बटण बायोटिनचंच असतं."

मावशीने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "म्हणजे माझ्या गोळ्यांतली बटणं आधीच जाऊन काजांत बसली. खऱ्या बटणाला जागाच राहिली नाही. खूण सुटून गेली आणि यंत्राला वाटलं, नाहीच काही."

"अगदी तसंच."

"आणि त्या जुन्याचं?"

"त्याची शिवणच वेगळी. त्याला बायोटिनचं बटण लागत नाही."

मावशीच्या लक्षात आलं. तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे जुन्याचं खरं आहे," ती सावकाश म्हणाली.

"गोळी बंद करा. रक्तातून ती निघून गेली की परत मोजू. पण स्कॅनसाठी तोवर थांबायचं नाही."

गोळ्या बंद झाल्यावर तिचं रक्त पुन्हा आम्हा दोघांत घातलं. या वेळी नव्यानेही मान खाली घालून माझाच आकडा सांगितला. मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटतं? नाही, मित्रांनो. असा विजय कुणाच्याही वाट्याला येऊ नये. स्कॅनमध्ये यकृत स्वच्छ होतं, पण फुफ्फुसात एक गाठ दिसली. एकच, लहान, आणि काढता येण्यासारखी. डॉक्टरबाई म्हणाल्या की पुढच्या तपासणीपर्यंत नव्याच्या भरवशावर राहिलो असतो, तर कदाचित एकच राहिली नसती.

भाऊ खुर्चीवर बसून तोंड झाकून रडत होता. "मी मस्करी केली नसती तर..."

"पुरे!" मावशी कडाडली. "गाठ मला झालीये आणि रडतोयस तू! तू मस्करी केलीस, मी गोळी घेतली, सुनेने ती प्रेमाने आणली. रोग यातल्या कुणी आणला नाही. पहिल्या वेळी दणक्यात आला होता, तरी हाकलला. या वेळी चोरपावलांनी आलाय, म्हणजे मला घाबरलाय. चल ऊठ, सर्जनला भेटायचंय."

आणि ती पुढे, तो मागे, असे ते निघाले.

शस्त्रक्रिया झाली. सर्जनने गाठ सबंध काढली. नंतर मावशी परत त्या खुर्चीवर आली ती वाळलेली, पण ताठ. "दोघांतही घाला माझं रक्त," तिने हट्टच धरला. "एकाच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवत नाही आता."

दोघांनीही एकच सांगितलं. आकडा उतरला होता.

फटाफटने रिपोर्ट स्वतः नेऊन तिच्या हातात दिला. आता तो खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "केसांची, नखांची, ताकदीची गोळी घेता का? औषध नसली तरी सांगा." आणि उत्तर ऐकून घ्यायला थांबतो. त्याच्या नावाला हे मुळीच शोभत नाही.

त्या दिवशी मावशी काचेजवळ येऊन मला न्याहाळत उभी राहिली. "हाच ना तो?" तिने विचारलं. "याला काय म्हणावं कळत नाही बाई. आभार मानावेत, तर याने वाईट बातमी दिली. रागवावं, तर याच्यामुळेच उभी आहे."

मला आभार नकोत. मला काय हवं ते सांगतो, कारण माझ्याजवळ आता फार वेळ नाही. माझी रसायनं बनवणं बंद झालंय. उरलेल्या बाटल्या संपल्या की मला इथून नेतील. न्यावं. मी दारात अडून बसणार नाही. पण जाईन तो मान वर करून.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्यांच्या उशाशी बसून विचारा, रोज काय काय घेता? डबीतलं, पुडीतलं, आरशापुढचं, सगळं विचारा, आणि त्यांना लाज वाटेल असं हसू नका. डॉक्टरांपासून काही लपवू नका, मग ते कितीही क्षुल्लक वाटो. आणि कुणी तुम्हाला नको असलेली गोष्ट सांगितली, तर तो जुना आहे, गबाळा आहे, त्याची कडी तुटली आहे म्हणून त्याला गप्प बसवू नका. आधी त्याचं सांगणं पुन्हा एकदा तपासा.

आज मावशीची पुढची तपासणी आहे. बाहेर तिचा आवाज येतोय. भाऊ बस चुकीच्या फाटकापाशी लावून आला म्हणून ती त्याला फैलावर घेते आहे. फटाफटने नळी माझ्यात ठेवली आहे. आकडा काय येईल ते मला अजून ठाऊक नाही. तो खालीच असावा, अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. पण तो वर असला, तरी मी तोच सांगणार. आणि बाहेर बसलेली ती बाई तो ऐकून घ्यायला तयार आहे.